उलट्या दिशेची फायनल

नंदकुमारने आयुष्यात एकदाही अमेरिकन फुटबॉल खेळला नव्हता. कंपनीने ट्रेनिंगसाठी ह्यूस्टनला धाडलं तेव्हा हॉटेलच्या लॉबीत बसून त्याने महिनाभर सामने पाहिले होते, एवढीच त्याची पुंजी. पण इथे आखातात, रिग्गईच्या कॉलेजात मुलींच्या संघाला कोच मिळेना, तेव्हा 'ह्यूस्टन' या एका शब्दावर ती माळ त्याच्या गळ्यात पडली. शुऐबाच्या प्लांटमध्ये तो सेफ्टी सांभाळायचा. तिथे त्याच्या परवानगीशिवाय कुणी पाना उचलत नसे. इथे मुली त्याला 'काका' म्हणत आणि आपल्याला हवं तेच करत.

मुली खेळायच्या त्या प्रकारात धक्काबुक्की नसते. प्रत्येकीच्या कमरेला दोन रंगीत पट्ट्या लावतात. चेंडू जिच्याकडे, तिची पट्टी ओढली की चाल खलास. चेंडू कुणाला द्यायचा हे ठरवते ती क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा मेंदूच म्हणायचा.

फायनलच्या सकाळी लीना या मेंदूने गाडीच्या दारात अंगठा चिमटून घेतला. उरली ज्ञानदा. ती अकाउंट्सच्या पहिल्या वर्षाला होती आणि मैत्रिणी आहेत म्हणून गेल्याच आठवड्यात संघात आली होती. मुलगी भारी सालस. पट्टी ओढायला आलेल्या पोरीला ती आधी 'सॉरी' म्हणायची. सरावात जी कुणी 'इकडे, इकडे' ओरडेल तिला चेंडू देऊन मोकळी व्हायची, मग ती समोरच्या संघातली का असेना.

तरीही शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा आपला संघ अठरा–चौदा असा पुढे होता. कसा, ते नंदकुमारलाही नीटसं कळलं नव्हतं. अडचण एवढीच, की चेंडू आपल्याच गोलरेषेजवळ अडकला होता आणि चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न बाकी होता. तो फुकट गेला की चेंडू समोरच्यांना मिळणार, रेषा त्यांच्या नाकासमोर, आणि सहा पॉइंट घेऊन त्या जिंकणार.

नंदकुमारने टाइमआउट घेतला. मुली भोवती जमल्या.

"ज्ञानदा, चेंडू हातात आला की मागे पळायचं. आपल्याच रेषेकडे."

"मागे? बट काका, दॅट्स द राँग वे!"

"माहितीये. रेषेच्या अलीकडे गोल गोल फिरत राहा. वेळ खा. शेवटी अगदीच धरलं तर रेषेपलीकडे जा. त्यांना दोनच पॉइंट मिळतील, तरी आपण दोनने पुढे."

"म्हणजे आपण त्यांना पॉइंट गिफ्ट करायचे?" नूरीने विचारलं. ज्ञानदाच्या हातात चेंडू देण्याचं काम तिचं. घरचे रत्नागिरीचे, आवाज भोंग्यासारखा.

"हो. आणि आता सगळं स्टेडियम 'पुढे पळ' म्हणून बोंबलेल. कुणाचंही ऐकायचं नाही. मी ओरडलो तरी माझंसुद्धा नाही. दिशा एकच, मागे. कळलं?"

"यल्ला, चला!" मुली ओरडल्या.

नूरीने चेंडू दिला, ज्ञानदाने घेतला आणि जी उलटी सुटली, की प्रेक्षकांत हाहाकार उडाला. "अगं बाई, तिकडे कुठे?" हा त्या गोंगाटातही ओळखू येणारा आवाज नंदकुमारच्या बायकोचा, सुमेधाचा होता. विरुद्ध संघाच्या साऱ्या मुली ज्ञानदाच्या मागे लागल्या. ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली, वाटेत भेटेल तिला सॉरी म्हणत राहिली. नंदकुमारला घड्याळ सोडून काही दिसत नव्हतं. घड्याळ मुंगीच्या चालीने चाललं होतं.

तेवढ्यात मैदानाच्या मधोमध एकट्याच उभ्या राहिलेल्या नूरीला कंटाळा आला. "ज्ञानदा, इकडे!" तिने भोंगा वाजवला.

ज्ञानदाने सवयीने चेंडू फेकला. तो डुगडुगत सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि नूरीच्या पोटावर आदळून तिथेच राहिला. नूरीच्या पुढे मैदान सताड मोकळं होतं. अडवायला चिटपाखरू नव्हतं.

नंदकुमारचा सगळा सावधपणा क्षणात उडाला. "पळ, नूरी, पुढे पळ!" तो उड्या मारत किंचाळला.

नूरीने त्याच्याकडे पाहिलं, समजूतदारपणे मान हलवली आणि वळून मागे पळाली.

तिला गाठायला धावत येणाऱ्या मुलींना ही समोरूनच अंगावर येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. दोघी एकमेकींवर आदळून बसल्या, एक घसरली, बाकीच्या भरवेगात तिला ओलांडून गेल्या. पुन्हा वळून त्यांनी तिची पट्टी ओढली तेव्हा नूरी आपल्याच रेषेपलीकडे पोचली होती आणि शिट्टी वाजत होती. अठरा–सोळा. वेळ संपली.

"काका, सॉरी, दोन पॉइंट गेले," ज्ञानदा रडवेली होऊन म्हणाली. आपण जिंकलो हे तिला तीनदा सांगावं लागलं. नूरी मात्र छाती काढून उभी होती. "तुम्ही मुद्दाम परीक्षा घेत होतात ना, काका? मी नाही फसले!"

समोरच्या कोचने येऊन नंदकुमारचा हात दाबला आणि हिंदीत विचारलं, "ये चाल कहाँ सीखी, भाईसाब?"

"ह्यूस्टन," नंदकुमार गंभीरपणे म्हणाला.

रुमैथियाला घरी जाताना गाडीत सुमेधा बोटांवर पॉइंट मोजत होती. मग म्हणाली, "नूरी पुढे पळाली असती तर?"

"आणखी सहा पॉइंट."

"म्हणजे सरळ जिंकलो असतो?"

"हो. पण मग त्या कोचने हात दाबला नसता."

सुमेधा इतकी हसली, की त्या हसण्यात त्यांचं वळण चुकलं आणि पुढच्या यू-टर्नपर्यंत दोघं हसतच गेली.