ऑक्सिजनवाला

तिने गाडीची चावी मिस्त्रीच्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली. त्याने ती उचलली, इंजिन सुरू केलं आणि मागून निघणाऱ्या काळ्या धुराकडे नुसतं पाहिलं.

"प्रत्येक सिग्नलला बंद पडते," ती म्हणाली. "शेवटी तुमच्याच दारात पडली. दुसरं गॅरेज जवळ असतं तर आले नसते."

"माहीत आहे, काकू."

दोन वर्षांपूर्वी तिच्या लेकीने याच मिस्त्रीशी लग्न केलं. त्या दिवशी तिने घरात फर्मान काढलं, लेकीशी कुणी बोलायचं नाही. नवऱ्याने मान हलवली. आपल्या शब्दाबाहेर हे कधी गेले नाहीत, असं ती चारचौघांत ताठ मानेने सांगायची. जावयाला 'आई' म्हणायची बंदी होती, म्हणून तो 'काकू' म्हणत होता, कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणतो तसा.

त्याने स्टिअरिंगखाली हातातलं यंत्र जोडलं, त्यावरचे आकडे वाचले.

"पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेलाय. धुरात ऑक्सिजन किती उरला ते हा सांगतो, त्यावर गाडी पेट्रोल किती घ्यायचं ते ठरवते. हा गप्प झाला की नुसतं ओतत राहते."

"आता गाडीलाही ऑक्सिजनचं दुखणं," ती म्हणाली.

मागच्या सीटवर नुकताच भरून आणलेला छोटा सिलिंडर पट्ट्याने बांधला होता. घरी नवरा नाकाला नळी लावून, कपडे करून बसला असणार. साडेअकराला मोठ्या डॉक्टरांची वेळ होती. ते महिन्यातून एकदाच येत. आजची वेळ चुकली की पुढचा महिना, आणि पुढच्या महिन्यावर तिचा हल्ली भरवसा उरला नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते.

"कंपनीचा मागवला तर चार दिवस. माझ्याकडे दुसरा आहे, स्वस्तातला. तासाभरात बसेल."

"नकली."

"नकली नाही, दुसऱ्या कंपनीचा. प्लग जुळत नाही एवढंच. जुन्याचा प्लग कापून याच्या वायरींना जोडायचा."

"म्हणजे मूळचं तोडायचं आणि परक्याला जोडून द्यायचं. त्यात तुमचा हात बसलेलाच आहे."

तो पान्हा घेऊन गाडीखाली सरकला. इंजिन गरम आहे तोवर जुना सेन्सर आटे सोडतो, गार झाला की हटून बसतो, एवढं मात्र खालून बोलला.

तिचा पाय एका जागी ठरेना. स्टुलावर बसली, उठली. टायरांच्या चळतीपाशी गेली, परत घड्याळाखाली आली. वरच्या मजल्यावर, लेकीच्या बिऱ्हाडात जाणारा जिना भिंतीला लागूनच होता. तिकडे ती मुद्दाम पाठ करून उभी राहिली.

मिस्त्री बाहेर आला. हातातल्या सेन्सरचं टोक काजळीने माखलं होतं. तो बाकावर बसला आणि नव्या वायरींची टोकं सोलू लागला, काळीला काळी, करडीला करडी. पांढऱ्या दोन होत्या, त्या कशाही जोडल्या तरी चालतात म्हणाला. तिला ते पाहवेना. तिने घरी फोन लावला.

फोन नणंदेने उचलला. नणंद कानाने अधू, त्यामुळे तिच्याशी बोलायचं म्हणजे गल्लीला ऐकवायचं.

"वन्सं, उशीर होईल. ऑक्सिजनवाला गेला. गेला हो, गेला. आता काही उपयोग नाही. बाहेर काढलाय, काळाठिक्कर पडलाय. नाही, कुणाला कळवू नका, मी बघते."

जिन्यावर धप् धप् पावलं वाजली. लेक अनवाणी खाली आली, हात पिठाचे, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. शेवटच्या पायरीवर कठडा धरून ती थांबली.

"बाबा?"

आईने फोन कानापासून खाली घेतला. काय झालं ते तिच्या ध्यानात आलं, पण जीभ सवयीने आधी सुटली.

"तुझ्या बापाला मी कधी अरे-तुरे केलंय? गेला म्हणाले मी, गेले नाही. गाडीचा गेलाय."

लेक पायरीवर मटकन बसली. पिठाच्या हातांनीच तिने तोंड झाकलं. मिस्त्री बाकावरून उठला, मग सासूकडे बघून तिथेच राहिला.

"मला वाटलं..." लेक म्हणाली. "सकाळी तर बोलले माझ्याशी. नळी काढून दहा पावलं चाललो म्हणाले. दारापर्यंत."

आईने फोन बंद केला.

"दहा?" आईने विचारलं.

"काल सात झाली होती."

सकाळी ती आंघोळीला गेली की नवरा बातम्या ऐकायच्या म्हणून खोलीचं दार लोटून घ्यायचा. तिला ते दार दिसलं, आतली बारीक कुजबूज आठवली. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळून तिने ते घट्ट ओढलं.

"मला नाही बोलले," ती म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

मिस्त्री पुन्हा गाडीखाली गेला. बाहेर आल्यावर त्याने यंत्र जोडून गाडीतली बिघाडाची नोंद पुसली आणि चावी फिरवली. इंजिनने एक उचकी दिली, मग एका सुरात चालू राहिलं. घड्याळात सव्वादहा होत होते. त्याने दार उघडून धरलं. ती आत बसली, आरसा नीट केला. आरशात पायरीवरची लेक दिसत होती.

"हात धू," आरशातूनच ती म्हणाली. "चपला घाल. सिलिंडर कुणीतरी धरायला लागतो, वन्सं गाडीत झोपतात."

लेक नवऱ्याकडे बघून चटकन उठली. चार पायऱ्या चढली आणि वळली.

"बाबांना सांगतेस, मी येतेय म्हणून?"

आईने फोन पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"तूच सांग. तुझ्याशी जास्त बोलतात ते."

आणि काच वर करून ती समोर बघत राहिली.