रंभाबाईंचा फोटो

नमस्कार, मित्रांनो! मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. पनवेलच्या एका शाळेत, नकाशांच्या कपाटात माझा मुक्काम असतो. जन्मलो दूरच्या कारखान्यात. विश्वजीत नावाच्या माजी विद्यार्थ्याने मला या शाळेला भेट दिले. तेव्हा माझा काय थाट होता! स्नेहसंमेलन असो की आपटा गावच्या नदीकाठची सहल, "अरे, कॅमेरा घेतला का?" अशी हाक यायची आणि मी कुणाच्या तरी गळ्यात मिरवत निघायचो. पुढे शिक्षकांच्या खिशात मोबाइल आले. मी कपाटात गेलो तो तिथेच राहिलो.

मग कुमुद मॅडम आल्या. त्यांनी मला मऊ कापडाने पुसले, नवी बॅटरी घातली आणि सातवीच्या वर्गात नेले.

"फोटो काढायचे आणि मग पडद्यावर लावून सगळ्यांनी तपासायचे," त्या मुलांना म्हणाल्या. "नुसतं 'छान' म्हणून सुटका नाही. का छान, ते सांगायचं."

उजेड कसा आहे, चौकटीत काय घेतले आणि काय सोडले, फोटो काय सांगतो, असे प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहिले. विषय होता 'आपल्या गावातली कामं'. सगळ्यांत चांगला फोटो शाळेच्या प्रदर्शनात दारासमोरच लागणार होता.

समृद्धी मला घेऊन मासळीबाजारात गेली. तिथे एक मावशी टोपलीवर डोके टेकून झोपली होती. छपराच्या फटीतून उन्हाची तिरीप नेमकी तिच्या गालावर पडली होती. समृद्धीने श्वास रोखून बटण दाबले. खरे सांगतो, इतका सुंदर फोटो माझ्या हातून आजवर निघाला नव्हता.

पडद्यावर तो लागताच मुले पुढे झुकली. मग टाळ्या पडल्या. "उजेड एकदम भारी!" कुंदन म्हणाला. "हाच लावायचा!"

मागच्या बाकावरच्या मितालीने मात्र मान खाली घातली होती.

"मिताली, तुला काय वाटतं?" मॅडमनी विचारले.

"ती माझी आई हाय," ती हळूच म्हणाली. "तिला ताप होता त्या दिवशी. कुणी असं बघितलेलं तिला आवडणार नाय."

समृद्धीचा चेहरा पडला. "मला माहीत नव्हतं गं," ती म्हणाली. पण डोळे पडद्यावरून हलेनात. एवढा सुंदर फोटो हातचा जाणार होता.

"आपण मितालीच्या आईला विचारूया का?" मॅडम म्हणाल्या. "ती म्हणेल तसं करू."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिघी बाजारात गेल्या. आता बऱ्या झालेल्या मितालीच्या आईने, रंभाबाईंनी, हात पुसले आणि माझ्या इवल्याशा पडद्यात बराच वेळ पाहिले.

"फोटो चांगला हाय गो," त्या समृद्धीला म्हणाल्या. "पन आमी दमलो तेवढंच दिसतं त्यात. नको लावू, बाय."

समृद्धीच्या डोळ्यांत पाणी आले. मग तिने स्वतःच माझे बटण दाबले आणि तो फोटो पुसला. शाळेच्या संगणकावरची प्रत मॅडमनी नंतर काढून टाकली.

"रडतेस कशाला?" रंभाबाई हसल्या. "थांब, पदर नीट करते. आता काढ!"

त्यांनी भलीमोठी सुरमई दोन्ही हातांनी उचलून धरली. मितालीही धावत जाऊन आईला बिलगली.

हा फोटो वर्गात लागला, तेव्हा मुलांनी मुळीच भीड ठेवली नाही. "ऊन फार आहे." "मावशींच्या डोक्यातून खांब उगवलाय!" मितालीच सगळ्यांत मोठ्याने हसली. गुण बेताचेच पडले. तरीही दारासमोर कोणता फोटो लावायचा, हे विचारताच सगळ्यांचे हात याच्याच बाजूने वर झाले.

प्रदर्शनाला रंभाबाई नवी साडी नेसून आल्या. जो येईल त्याला फोटोजवळ नेऊन सांगत होत्या, "ही मी. आणि ही माझी पोरगी."

मित्रांनो, आता माझे बटण अडकते, बॅटरीही लवकर संपते. मला जपा, कोरड्या जागी ठेवा. आणि माझ्यातून कुणाकडे पाहण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. ते माणूस "हो" म्हणून हसले, की माझे म्हातारे भिंगसुद्धा उजळून निघते.