बहात्तर अंशांचं विरजण

डेअरीत त्याला सगळे 'बहात्तर' म्हणायचे. वय नव्हे, वय अठ्ठावन्न. कच्चं दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद धरायचं आणि झटक्यात गार करायचं, म्हणजे रोगजंतू मरतात आणि दूध दूधच राहतं, हे काम त्याने तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून केलं. त्याच्या मशीनमधून गेलेल्या दुधाने कुणाचं पोट बिघडलं नव्हतं. बायको म्हणायची, याचं चाललं तर हा मलाही उकळून घेईल. ती गेल्यापासून घर इतकं स्वच्छ होतं की माशीसुद्धा फिरकत नव्हती, माणूस तर लांबच.

लॅबमधल्या बाई रोज दुधाचा नमुना न्यायला यायच्या. दिवसभरात त्याच्याशी दोन वाक्यं बोलणाऱ्या त्या एकट्याच. हा गडी दही विकत आणतो हे कळल्यावर त्यांनी डबीतून विरजण आणलं. सासूबाईंनी दिलेलं, अडतीस वर्षं मोडलेलं नाही. जपा हो, म्हणाल्या.

त्याने जपलं. घरी डबी उघडली आणि हातभर लांब धरली. बसमधून आलेली, चमचा कुणाचा, हात कुणाचे! मग हात आपोआप चालले. पातेलं, थर्मामीटर, बहात्तर, पंधरा सेकंद, गार पाणी. ते कोमट दुधात घालून स्वारी शीळ घालत झोपली.

सकाळी दूध. दुसऱ्या सकाळीही दूध. तिसऱ्या दिवशी दाढी करताना डोक्यात प्रकाश पडला: दही लावणारे तेही जंतूच की!

बाई रोज विचारायच्या, लागलं का. हा म्हणायचा, सुरीने कापावं इतकं घट्ट. एकदा तर जावयाने बोटं चाटली म्हणून सांगितलं, आणि याला मुलगीच नव्हती. दही नाही, पण गप्पा मात्र छान लागल्या. दोन वाक्यांची वीस झाली. त्यावर कोण विरजण घालणार?

एका दुपारी बाई नमुन्याच्या बाटलीशिवायच आल्या. सुनेने फ्रीज साफ केला होता, विरजणाची वाटी घासूनपुसून पालथी. "नशीब तुम्हाला दिलं होतं. चमचाभर परत द्या."

दुकानातलं देता आलं असतं. पण अडतीस वर्षांच्या जागी कालचं ठेवायला त्याचं मन धजेना.

"मी ते गरम केलं होतं," तो म्हणाला.

"किती?"

"बहात्तर. पंधरा सेकंद."

बाई खुर्चीत बसून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसू थांबलं, पाणी थांबेना.

"काम चोख केलंत," त्या म्हणाल्या.

त्याला म्हणायचं होतं, कुणाकडून तरी नवं आणू, दोघं मिळून जपू. तोंडातून निघालं, "विकत आणाल तेव्हा तारीख बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने नमुना नेला. संध्याकाळी मशीनवर निकाल चिकटवला होता: जंतू आढळले नाहीत.