मीठ धुतलेलं पाणी

हिरामण पार वैतागला होता. उरणकडच्या खाडीकाठी मीठ धुण्याचा कारखाना होता आणि तिथल्या पाण्याची चावी याच्या हातात. मीठ खारट पाण्यातच धुवावं लागतं, गोड्या पाण्यात ते विरघळून नाही का जाणार! धुतलेल्या पाण्याचा गाळ खाली बसला, की तेच पाणी पंपाने परत मिठावर. पण दर फेरीला त्यात कडवटपणा साचतो. पूर्वी ते अधूनमधून खाडीत सोडून देत. मग गावाने कारखान्याचं गेट अडवलं, ‘एक थेंब खाडीत नको!’ सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? हिरामणचाच. त्याच्या शेजारी उभी थोरली बहीण ठमाबाई, खाडीतल्या खडकांवरचे शिंपले फोडून कालवं विकणारी. कंपनीने ऐकलं आणि चावीवर नेमलं हिरामणलाच. घे, सांभाळ आता!

सांभाळलं बिचाऱ्याने. पाणी फिरत राहिलं, मीठ मात्र कडू आणि ओलसर निघायला लागलं. व्यापाऱ्याने दोन गाड्या परत पाठवल्या. मॅनेजर म्हणाला, "आता एक जरी परत आली तर टाळं." कडू पाणी उन्हात आटवायला मिठागर हवं, आणि काठावरची मिठागरं कंटेनरच्या यार्डाखाली कधीच बुजली होती. टाळं लागलं तर गोण्या भरणाऱ्या सगळ्या बायका घरी बसणार. ठमाबाईची सून भाविका त्यांतलीच.

विचार करकरून हिरामणचं डोकं बधिर झालं. ओहोटीला तो खडकावर बहिणीकडे गेला.

"बाय, काय करू गं?"

ठमाबाई कालवं फोडत राहिली. "भाविकाच्या पगारावर घर चाललंय. सोड पानी."

"कालवं मरतील."

"मला कललं न्हाय व्हय? सोड."

"आनि गावाला काय सांगू?"

"ठमीनं सांगितलं म्हन."

हिरामणला रडूच फुटलं असतं, पण रडायलाही जोर लागतो. त्याने जाऊन चावी फिरवली. पाणी खाडीत गेलं, टाकीत नवं भरलं, मीठ पांढरंशुभ्र निघालं. गाडी परत आली नाही. मॅनेजरने पेढे वाटले. हिरामणने आपला पेढा तसाच खिशात टाकला.

पुढच्या आठवड्यात सकाळी गोणीवाल्या बायकांच्या रांगेत ठमाबाई उभी. धुतलेलं लुगडं, हात रिकामे. भाविका मान खाली घालून शेजारी.

"कालवं?" त्याने विचारलं.

"समदी तोंड वासून पडलीत," ती म्हणाली. "गोनी शिवायला मानूस लागतंय का रं?"

"लागतंय, बाय," हिरामण म्हणाला आणि त्याने गेट उघडलं.