हाकेचा दगड

मी दगड बोलतोय. हसू नका, बोलण्यातच माझा जन्म गेलाय. आमच्या डोंगरगावाच्या दोन वस्त्या, एक वरची, एक खालची, आणि मधे खोल दरी. चालत जायचं तर अर्धा दिवस मोडतो. पण माझ्या माथ्यावरून हाक मारली की वरच्या वस्तीच्या अंगणात स्पष्ट ऐकू येते. तिकडची हाकही इथे माथ्यावरच येते. खाली माझ्या पायथ्याशी मात्र ओढ्याच्या आवाजाशिवाय काही नाही. असा विचित्र डोंगर, त्याला मी काय करू?

पूर्वी मला उसंत नसायची. जन्म, सोयरीक, मरण, चुकलेली शेळी, सगळ्याच्या हाका माझ्यावरूनच जायच्या. बायका तर भांडायलाही यायच्या. एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या आणि घसा बसला की घरी जायच्या. मजा यायची.

आता वरच्या वस्तीत एकटी अक्का उरलीय. खालच्या वस्तीतला मेंढपाळ तिचा धाकटा भाऊ. केस पांढरे झाले तरी ती त्याला धाकल्याच म्हणते. तो रोज माझ्यावर चढून तिला खाली राहायला बोलवायचा, ती रोज नाही म्हणायची. शेवटी उन्हाळ्यात तो वैतागला.

"आता मी विचारणार नाही. यायचं असेल तेव्हा तूच हाक मार, मी न्यायला येईन."

मग फोन आले. त्यानंच तिला एक नेऊन दिला. तेव्हापासून माझ्यावर कुणी चढलेलं नाही. फार एकटं वाटतं हो. धाकल्या येतो, पण पायथ्याच्या सावलीत बसून फोन लावतो. बरी आहेस ना, विचारतो. ती मजेत आहे म्हणते.

कसली मजेत! गुडघे गेलेत तिचे. थंडी पडायला लागल्यापासून रोज सकाळी भिंतीला धरून अंगणात येते आणि ठरल्याप्रमाणे हाक मारते. नजर अधू, त्यामुळे माझ्यावर कुणी नाही हे तिला दिसत नाही. फोनवर मात्र त्यातलं अक्षर काढत नाही. हाकेला ओ आली नाही, तर फोनवर विनवण्या करणारी बाई नव्हे ती.

आजही त्यानं फोन ठेवला, टोपी तोंडावर ओढली आणि आडवा झाला. तेवढ्यात हाक आली.

"धाकल्या, येते रे मी. ने मला."

थोड्या वेळानं पुन्हा, "अजून राग आहे होय रे?"

मी जीव तोडून ओरडलो. त्याला कुठलं ऐकू जायला! तुम्हाला जातंय, तर एवढं करा. या वाटेनं आलात की त्याला उठवा. काही समजावत बसू नका. हाताला धरून माझ्यावर आणा. ओ तो देईल.


लवकर या. ती अजून अंगणातच उभी आहे.