फडक्याखालचा मेंढा

मातीला घाई चालत नाही आणि माणसाला धीर धरवत नाही. या दोघांची गाठ घालून द्यायची, हेच त्या बाईचं काम. सगळे तिला मातीताई म्हणत. संग्रहालयाच्या मागच्या दालनात दर रविवारी तिची कार्यशाळा भरे. लांब लाकडी टेबलं, भिंतीशी मोरी, कोपऱ्यात पाण्याचं मोठं पिंप. यायचं, माती मळायची, मनात येईल ते घडवायचं आणि निघताना आपल्या हातानं ते पिंपात सोडून द्यायचं. 'आज केलं, आज मोडलं' हा तिथला रिवाज. पिंपात विरघळलेलीच माती पुढच्या रविवारी पुन्हा हाती यायची. नवी माणसं हळहळत, जुनी हसत. शिंपीकाका तर म्हणत, "इथं घडवायला येतच नाही मी, मोडायला येतो. घरी मोडलं तर बायको ओरडते."

मातीताईच्या सासूबाईही येत. वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, बोलणं सावरलं, हात मात्र खुंटीला टांगलेल्या पिशवीसारखा लोंबत राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी शेजारच्या मांजराला दिला. "चेंडू दाबून काय होतं गं? दाबला की पुन्हा तस्साच. मेलं काही उरतच नाही." मग सून त्यांना मातीपुढे बसवू लागली. माती दाबली की दबलेली राहते. आधी मूठ वळली, मग बोटं. अंगठा शेवटी हलला, तोही तिरका. त्यांच्या प्रत्येक वस्तूवर तो तिरका दाब उमटलेला असे, सही केल्यासारखा. मळताना त्या गुणगुणत:

मळता मळता माती, पाणी घालावं बेतानं
ज्याचं त्याला ओळखू यावं, जे केलं गं हातानं

तर त्या रविवारी मागच्या दालनात पाहुणा येणार होता. मातीचा मेंढा, मुठीत मावेल एवढाच, पण वयानं सगळ्या गावाचा पणजोबा. कुण्या जुन्या काळच्या माणसानं केलेलं खेळणं. आदल्या आठवड्यात संग्रहपालसाहेबांनी सगळ्यांना त्याच्या काचेच्या कपाटापुढे उभं केलं होतं.

"हा भाजलेला नाही, नुसता उन्हात वाळवलेला आहे," साहेब म्हणाले होते. "एवढी वर्षं टिकला तो फक्त कोरड्या जागेत होता म्हणून. आणि याच्या पोटाखाली अंगठ्याचा ठसा आहे. ज्यानं केला, त्याचा."

"दाखवा की!" शिंपीकाका म्हणाले.

"उलटा करायचा नाही त्याला. पुढच्या रविवारी तुमच्यासाठी बाहेर काढतो. दोरीच्या अलीकडून बघा, बघून आपापला करा. पण मातीताई, सगळ्यांसमोर सांगून ठेवतो. याला पाण्याचं बोट जरी लागलं, तरी ही कार्यशाळा बंद. मग माझ्याकडे रदबदली करायला यायचं नाही."

साहेब शब्दाचे पक्के होते. मातीताईनं मान डोलावली, पण तिची नजर सासूबाईंकडे गेली. म्हातारी काचेला नाक लावून उभी होती आणि डाव्या हातानं उजवा अंगठा चोळत होती.

रविवारी मेंढा आला. खिडकीजवळच्या उंच तिपाईवर, कापसाच्या गादीवर बसला, भोवती दोरी लागली. दालन माणसांनी भरलं आणि दुपारपर्यंत टेबलांवर मेंढेच मेंढे झाले. कुणाचा डुकरासारखा, कुणाचा सोफ्यासारखा. एका चिमुरडीनं आपल्या मेंढ्याला दात काढले. "मेंढ्याला वरचे दात नसतात गं," कुणीतरी म्हणालं. "माझ्याला आहेत. तो चावतो," ती म्हणाली.

मग फोटोवाला आला. त्याला खरा मेंढा जवळून टिपायचा होता, म्हणून साहेबांनी घटकाभर दोरी काढली. पाठोपाठ त्याला 'सगळा कळप' एकत्र हवा झाला. लोकांनी हाती लागेल तो मेंढा उचलून मधल्या टेबलावर मांडला. फोटो झाला, चहाची हाक झाली, माणसं व्हरांड्यात गेली. मातीताई मागे राहिली. पंख्याखाली काही मेंढे वाळून फिकट पडले होते. ओली माती उघडी टाकायची नाही, ही तिच्या हातांना लागलेली सवय. तिनं मोरीवर फडकी भिजवली, पिळली आणि आईनं पोरांवर पांघरूण घालावं तशी सगळ्या कळपावर पसरली.

चहा घेऊन ती परतली, तेव्हा ऊन तिपाईवर आलं होतं. कापसाच्या गादीवर मेंढा बसला होता. कोरडा, फिकट, ऐटदार. तिनं सहज पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. उजव्या शिंगाच्या बुडाशी एक दाब होता.

तिरका.

तिनं हातातला कप खाली ठेवला. दाराशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांची नजर तिपाईवर नव्हती, मधल्या टेबलावरच्या ओल्या फडक्यांवर होती, आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

"आई," मातीताई त्यांच्या कानाशी लागली, "काय केलंत?"

"ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये. हा तुमचा आहे."

"घरी केला होता. ओट्यावर. खिडकीत वाळवला." म्हातारीनं पदर घट्ट धरला. "दोरी काढली तेव्हा अदलाबदल केली. घटकाभर हातात धरून परत ठेवणार होते गं. तेवढ्यात तो फोटोवाला कळप कळप करत आला. माझ्या पुढ्यातला कुणी उचलला, मला दिसलंच नाही. मग वाटलं, चहा झाला की शोधीन. आणि आता येऊन बघते तर... तू फडकी टाकलीस."

ओली फडकी. तिनं स्वतःच्या हातांनी पिळलेली, स्वतःच्या हातांनी पसरलेली. पाण्याच्या बोटानंही ज्याचं वाटोळं व्हावं, त्याला तिनं मायेनं ओलं पांघरूण घातलं होतं.

ती टेबलाकडे धावणार, तोच मागून आरोळी आली. "चला मंडळी! आज केलं, आज मोडलं!" शिंपीकाका बाह्या सरसावत आत शिरले, त्यांच्यामागे सगळा लोंढा. फडकी भराभर बाजूला झाली. खाली सगळे मेंढे एका रंगाचे, काळपट, ओले, चकचकीत. फिकट कोण आणि नवा कोण, काही उरलं नव्हतं. हात पुढे आले, मेंढे उचलले गेले, पिंपापाशी रांग लागली.

दाराशी साहेब हात मागे बांधून हसत उभे होते.

तेव्हा मातीताईच्या मनात एक गोष्ट येऊन गेली. ती पुढे कितीतरी दिवस तिला सलत राहिली. गप्प राहिलं तर? तिपाईवर मेंढा आहे. साहेब तो उचलतील, काचेत ठेवतील, कुलूप लावतील. खरा पिंपात विरघळेल आणि पुढच्या रविवारी कुणाच्या तरी बोटांखाली वाटी होईल. कुणाला कळणार नाही. दालन राहील, रविवार राहतील, म्हाताऱ्या हाताला माती राहील. तोंड उघडलं तर यातलं काहीच राहणार नाही. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. 'बोल' म्हणत नव्हत्या, 'बोलू नको'ही म्हणत नव्हत्या.

डुबुक्!

"थांबा!" मातीताई ओरडली. "कुणी काही सोडू नका! आहात तिथे थांबा!"

दालन चित्रासारखं थबकलं. तिनं पिंपात कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला, गोळा वर काढला. चिमुरडी टाचा उंच करून बघत होती. "माझाच आहे तो. दात बघा ना."

दात होते. मातीताईनं ओला हात पदराला पुसला आणि साहेबांकडे न बघता बोलली. "तिपाईवरचा मेंढा खरा नाही. खरा तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात आहे. ओला झालाय. ओल्या फडक्यांनी मीच झाकला."

साहेबांचं हसू गेलं, पण ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू चालत ते टेबलापाशी आले आणि मोजूनमापून म्हणाले, "कुणी दाबू नका. तळहातावर धरा, अंडं धरल्यासारखं."

"ज्यानं त्यानं आपापला ओळखा," मातीताई म्हणाली. "हातातला तुमचा नसेल तर टेबलावर ठेवा. तुमचा असेल तोच उचला. उरेल तो खरा."

कुजबुज झाली, देवघेव झाली. "हा तुझा, याचं शेपूट बघ." "अहो, माझ्याला इतकं पोट नव्हतं!" एकेक मेंढा आपल्या धन्याच्या तळव्यावर गेला. शेवटी टेबलावर एकच उरला.

सगळे वाकले. उरलेला मेंढा एका कानाचा होता, चार पाय चार दिशांना, तोंड बटाट्यासारखं. डोळे पेनच्या टोकानं टोचलेले. एवढ्या वर्षांपूर्वी पेन नव्हतं, हे सांगायला कुणी जाणकार लागत नव्हता.

मग खरा कुठे गेला? हा कुणाचा?

मोरीचा नळ तेवढा ठिबकत होता. ओलावा आत आत उतरत असणार, घटकेला पाय सुटेल, घटकेला शिंग गळेल, हे मातीताईला डोळे मिटूनही दिसत होतं.

"पोटाखाली ठसा आहे," साहेब म्हणाले. "सगळ्यांनी हळूच उलटे करा."

तळव्यांवरचे मेंढे उताणे झाले. नाही. नाही. इथे नाही. शिंपीकाका मात्र तसेच उभे होते. त्यांच्या हातातला मेंढा सुबक होता, शिंगं गोगलगायीसारखी वळलेली.

"काका?" मातीताई म्हणाली.

"माझा माझ्या हातात आहे." काकांचे कान लाल झाले होते. "सकाळपासून खपलोय त्याच्यावर. मी काय माझा मेंढा ओळखत नाही होय?"

"ओळखता की," सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. "म्हणून तर उलटा करत नाही."

"आजी, तोंड सांभाळा हं!"

"मी चोरला, तुम्ही आपला म्हटला. दोघांत फार अंतर नाही, काका. माझं सांगून झालं. आता तुमचं सांगा, तो गळतोय."

काकांनी मान खाली घातली आणि मेंढा उताणा केला. पोटाच्या मधोमध एक खळगा होता, चिंचोक्याएवढा. काकांनी त्यावर आपला अंगठा नेला. जन्मभर कात्री चालवून रुंद झालेला तो अंगठा खळग्याच्या चहूबाजूंनी बाहेर राहिला.

"हा माझा नव्हे," ते म्हणाले. मग टेबलावरच्या एककान्या ध्यानाकडे हनुवटीनं खूण केली. "तो... तो तिकडचा माझा."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तोंडावर हात ठेवला. साहेबांनी कापसाची गादी पुढे केली. काकांनी मेंढा तिच्यावर असा ठेवला, जसं झोपलेलं बाळ दुसऱ्याच्या हाती द्यावं. पाय शाबूत होते. एका शिंगाचं टोक चपटलं होतं, आणि पाठीवर फडक्याची वीण उमटली होती, उभी आडवी, स्पष्ट.

"का केलंत, आजी?" साहेबांनी विचारलं.

म्हातारीनं उजवा हात पुढे धरला. "डॉक्टर सुई टोचून विचारायचे, कळतंय का. मी हो म्हणायचे. न म्हणून काय करणार? घरात सगळे आशेनं बघत उभे असायचे. अंगठा हलतो हो साहेब, पण त्याला काही कळायचं नाही. तुम्ही ठशाचं बोललात, तेव्हा वाटलं, एवढी बारीक कड कळली तर खरं."

मातीताईनं सासूकडे पाहिलं. एवढे रविवार शेजारी बसून तिला हे ठाऊक नव्हतं.

"मग?" साहेब म्हणाले.

"कळली. अंगठ्याच्या कोपऱ्यात, जरा खरबरीत. मग मन भरेना, म्हणून परत ठेवायला उशीर झाला."

साहेबांनी मेंढ्याची गादी स्वतःजवळ ओढली. "दोरी मी काढली होती," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. मग मान वर केली. "पण बंद म्हणालो होतो, तर बंद. हा वाळेपर्यंत. चीर न पडता वाळला तर दालन उघडेन. पडली, तर मला वरती तोंड दाखवायला जागा नाही, आणि तुम्हाला इथे."

"हळू वाळवा," मातीताई म्हणाली. "वाऱ्यापासून लांब, कोरड्या कापडाखाली. आणि एक ओला मेंढा शेजारी ठेवा. जाड असेल तो आधी तडकेल, म्हणजे हवा जास्त लागतेय हे कळेल."

सगळ्यांची नजर एकाच वेळी बटाटतोंड्याकडे गेली.

"न्या," शिंपीकाका म्हणाले. "निदान कामाला तरी येईल मेला."

त्या दिवशी कुणी काही मोडलं नाही. पुढचे रविवार मागच्या दालनाला कुलूप होतं. घरी मातीताईनं ओट्यावर मातीचा गोळा ठेवून पाहिला. म्हातारी त्याला शिवली नाही. "त्याचं काय होतंय ते कळू दे आधी," एवढंच म्हणायची आणि अंगठ्यानं ताटाची कड चाचपत बसायची. दाराची घंटा वाजली की दोघी दचकत.

मग एका सकाळी साहेबांचा फोन आला. "या," म्हणाले आणि ठेवून दिला. चांगलं की वाईट, काही नाही.

दोघी पोचल्या तर शिंपीकाका आधीच येऊन थांबलेले. बंद खोलीत साहेबांनी कापड उचललं. एककान्याची मान तडकून डोकं बाजूला पडलं होतं.

"तो तडकला तेव्हाच खोलीचे झरोके बुजवले," साहेब म्हणाले, आणि दुसरं कापड उचललं.

जुना मेंढा उभा होता. फिकट, कोरडा, अखंड. चपट्या शिंगाचा, पाठीवर फडक्याची वीण ल्यालेला. साहेबांनी तो उलटा करून दाखवला. ठसा होता तिथेच होता.

"बघा, माझ्या पठ्ठ्यानं जीव दिला तुमच्यासाठी," काका म्हणाले.

साहेबांनी खिशातून मागच्या दालनाची किल्ली काढली. मातीताईच्या हातात न देता त्यांनी ती सासूबाईंपुढे धरली. म्हातारीनं डावा हात पुढे केला, मागे घेतला आणि उजवा केला. किल्लीचे दाते अंगठ्यानं एकेक चाचपले.

"गार आहे," त्या म्हणाल्या, आणि कुलूप काढायला निघाल्या.