वाफेत उमटलेले दोन रकाने

मी एक जुना पांढरा फळा आहे. कारखान्यात माझ्या पत्र्यावर गुळगुळीत लेप चढला, तेव्हा वाटलं होतं, माझ्यावर काहीच टिकणार नाही. मित्रांनो, तसं झालं नाही.

गाझियाबादच्या एका फ्लॅटमध्ये, बाहेरच्या थंड भिंतीवर मी टांगलेला आहे. पूर्वी सैन्यात शिक्षक असलेले भाऊसाहेब माझ्यावर लिहून नातीला, मैत्रेयीला, शिकवत. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्यांनी काळ्या पेननं दोन रकाने आखले : बायडन आणि ट्रम्प, देशांतर्गत धोरणं. डावीकडे विजेच्या गाड्यांना करसवलत, उजवीकडे ती बंद. डावीकडे जास्त निर्वासितांना प्रवेश, उजवीकडे प्रवेश स्थगित.

"आजोबा, जिंकलं कोण ते सांगा ना यार!"

"तुलना म्हणजे कुस्ती नव्हे, बाईसाहेब. दोघांत सारखं काय, ते शोधा. सापडलं की बरोबरची खूण करीन."

त्याच आठवड्यात भाऊसाहेब गेले. त्यांचं अक्षर बघवेना म्हणून त्यांच्या मुलीनं, शालिनीनं, मला स्पिरिटनं पुसून काढलं. मग माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी बाहेर दाट धुकं होतं. मैत्रेयीच्या भाषणाला शेवट नव्हता. स्वयंपाकघरात डाळ उकळत होती. वाफ माझ्या गार अंगावर बसू लागली. जिथे पूर्वी शाई होती, तिथे मात्र वाफ बसेना.

"आई, इकडे ये! आजोबांचं अक्षर!"

शालिनी दारातच थांबली. "मी घासून पुसलं होतं गं."

दोन्ही रकाने उमटले होते. सगळ्यात वर, डावीकडे : सत्तेच्या पहिल्याच दिवशी ट्रम्प यांचे अनेक आदेश रद्द. उजवीकडे : पहिल्याच दिवशी बायडन यांचे अनेक आदेश रद्द. मैत्रेयीनं ते पुन्हा वाचलं. मग खाली, कोरड्या कोपऱ्यात, निळ्या पेननं लिहिलं : दोघांनीही सुरुवात पुसण्यापासून केली.

तिनं पेनाला टोपण लावलं. शालिनीनं आत जाऊन गॅस बंद केला. वाफ विरली, रकाने गेले. मैत्रेयीची ओळ राहिली, आणि ओळीशेजारी काळ्या शाईची एक खूण. बरोबरची. ओली.

काळं पेन आता घरात नव्हतं. माझ्यावर टेकलेला प्रत्येक हात मी ओळखतो, मित्रांनो. तो हात सावकाश टेकला होता, नेहमीसारखा.

माझ्यासारख्या फळ्यांना जरूर पुसा, आमचं कामच ते. फक्त पुसण्याआधी एकदा वाचा. लिहिणारा अजून तिथेच उभा असतो.